वर्गातली फौजींची मुलं ओळखायची कशी, आणि पुढे काय करायचं?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

त्या लिहितात: दिवाळीनंतर आमच्या सातवीत एक मुलगा आला. आधी पंजाबात आर्मी पब्लिक स्कूलमध्ये होता. गप्प बसायचा, मराठीचा गृहपाठ कधीच पुरा नसायचा. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणली नाही म्हणून मी त्याला वर्गासमोर बोलले. पुढच्याच आठवड्यात त्यानं एका मुलाला बेदम मारलं. 'तुझा बाप काय येत नाय आता,' असं तो मुलगा म्हणाला होता. तेव्हा मला कळलं की वडील फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर गेलेत आणि आई दोन्ही मुलांना घेऊन सासरी येऊन राहिलीय. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी साताऱ्याहून ये-जा करते, मलाच माहीत नव्हतं. शाळेत अशी मुलं किती आहेत याची यादी करू या, असं मी सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, 'अर्धं गाव फौजेत आहे, कुणाकुणाचं बघणार?' एक सहकारी म्हणाले, 'पगार आहे, कँटीन आहे, पेन्शन आहे, त्यांना काय कमी?' शेवटी 26 जानेवारीला या मुलांना स्टेजवर बोलावून गुलाबपुष्प द्यायचं ठरलं. मला एवढं पुरेसं वाटत नाही. पण ही मुलं म्हणजे कुणी बिचारी, असंही मला करायचं नाही. काय करावं?

ताई,

तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर देण्याआधी मुख्याध्यापकांच्या वाक्यापाशी थांबते, कारण सगळा गुंता तिथेच आहे. अर्धं गाव फौजेत आहे, म्हणून वेगळं काही बघायची गरज नाही, असा त्यांचा हिशेब. तुमच्या जिल्ह्यात असं वाटणं साहजिक आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, तिकडे कोल्हापुरात टाकळीच्या नावाआधी 'सैनिक' लागतं. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातला एक जण मराठा लाइट इन्फन्ट्रीत किंवा तोफखान्यात असतो. पण गावाला जे माहीत असतं ते शाळेला माहीत असतंच असं नाही, हे तुमच्याच अनुभवावरून दिसलं. शिवाय गावाला माहीत असतं ते एवढंच, की अमक्याचा मुलगा मिलिटरीत आहे. तो सध्या पीसला (कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणी) आहे की फील्डला, महिन्याभरात फोन आलाय की नाही, सुट्टी मंजूर होऊन रद्द झालीय का, हे फक्त त्या घरात माहीत असतं. आणि मूल दप्तरासोबत तेच घेऊन तुमच्या वर्गात येतं.

तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर एकदा काढून बघा. पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'नोकरी' असेल. प्रवेशाला आजोबा आले असतील तर 'शेती'. दोन्ही खरंच आहे, पण त्यातून काही कळत नाही. म्हणजे निम्मी मुलं फौजींची असली, तरी शाळेच्या कागदावर एकही नाही.

ही अडचण फक्त आपलीच नाही. इंग्लंडमध्ये 2011 पासून सैनिकांच्या मुलांसाठी शाळेला दरवर्षी माणशी थोडा जादा निधी मिळतो. तो त्या मुलांना वाटायचा नसतो, शाळेनं त्यांच्या मानसिक आधारासाठी आणि अभ्यासासाठी वापरायचा असतो. पण तिथेही पालकांनी शाळेला सांगितल्याशिवाय मुलाची नोंद होत नाही. त्यामुळे दर वर्षी ऑक्टोबरच्या शाळा-गणनेआधी शाळा घराघरांत विचारणा करतात. अमेरिकेत 2015 च्या शिक्षण कायद्यानं सैनिकांच्या मुलांची वेगळी नोंद ठेवणं राज्यांना बंधनकारक केलं. तिथे ही मुलं आईवडिलांच्या बदल्यांमुळे सारखी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात आणि नवीन शाळेला काहीच माहीत नसतं. आपल्याकडे निधी नाही. पण विचारायला निधी लागत नाही.

कसं विचारायचं ते सांगते. 'फौजींच्या मुलांनी हात वर करा,' असं वर्गात कधीही करू नका. सगळ्याच पालकांना जाईल अशी एक छोटी चिठ्ठी काढा. जूनच्या प्रवेश अर्जातही तीच घाला, पण आता जूनची वाट न बघता पुढच्या पालक सभेला द्या. त्यात एवढंच विचारा: घरातलं कुणी सैन्यदलात, निमलष्करी दलात किंवा कामासाठी दीर्घकाळ बाहेरगावी आहे का? सध्या मुलाचं रोजचं कोण बघतं? शाळेनं काही लक्षात ठेवावं असं वाटतं का? उत्तर देणं ऐच्छिक, हे स्पष्ट लिहा. सगळ्यांना विचारल्यानं कुणी वेगळं पडत नाही. आणि तुम्हाला आणखीही काही मुलं सापडतील. कुणाचे वडील बोटीवर असतील, कुणाचे आईवडील दोघंही ऊसतोडीला गेलेले असतील आणि मूल आजीपाशी असेल. त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

'घरातलं कुणी' हे शब्द मुद्दाम सुचवले आहेत. वडीलच असतात असं नाही. 2022 पासून अग्निवीर भरती सुरू झाल्यावर साडेसतरा-अठराची मुलं फौजेत जाऊ लागली. त्यांची धाकटी भावंडं तुमच्या आठवी-नववीत असतील. कालपर्यंत एका खाटेवर झोपणारा भाऊ आज कुठल्यातरी बर्फात आहे, हे त्या पोरीला वडिलांच्या दूर असण्याइतकंच जड जातं. तसंच सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपीचं. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यामुळे सैन्याच्या बऱ्याच योजना त्यांना लागू होत नाहीत आणि समारंभांतही त्यांची आठवण उशिरा होते. मुलाच्या दृष्टीनं मात्र वर्दीचा रंग बदलल्यानं काही फरक पडत नाही.

काय विचारायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. युनिटचं नाव, सध्याचं ठिकाण, हुद्दा, नंबर यातलं काहीही नको. शाळेला त्याची गरज नाही. आणि 'अमक्याचे वडील सध्या तमक्या सेक्टरला आहेत' असली माहिती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा फलकावर जाणं सुरक्षिततेच्या दृष्टीनंही चुकीचं आहे. यादी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्याकडेच ठेवा. मे महिन्यात पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात ती समोरासमोर द्या, दोन वाक्यं बोलून. दर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागू नये.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. पगार आहे, कँटीन आहे, हे खरंच आहे, आणि जिरायती शेतीवर जगणाऱ्या शेजाऱ्याच्या तुलनेत ते घर सुस्थितीत असतं, हेही खरं. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांना एकदा जवानाचं वर्ष समजावून सांगा. वार्षिक रजा 60 दिवस आणि किरकोळ रजा 30 दिवस, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि परिस्थिती बिघडली की रद्द. उरलेल्या दिवसांत सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, रानातलं काम, बँक, मुलांचा ताप, भावकीतले वाद, सगळं ती एकटी बाई बघते. रात्री नऊनंतर मुलाच्या वहीत डोकं घालायला तिच्यात त्राण उरत नाही. 'पालक लक्ष देत नाहीत' असा शेरा आपण मारतो, तो बहुतेक वेळा हिच्यावर असतो.

यादी झाली, की तुमची नजर आधी भांडणाऱ्या मुलाकडे जाईल, आणि ती जायलाच हवी. पण त्यातल्या मुलींकडेही नीट बघा, विशेषतः थोरल्या मुलींकडे. वडील लांब असले की नववी-दहावीतली मुलगी घरातली दुसरी मोठी बाई होते. धाकट्याला शाळेसाठी तयार करते, आजीला दवाखान्यात नेते, आईला धीर देते. शाळेत वेळेवर येते, मार्क बरे पाडते, तक्रार करत नाही. तिला आपण 'समजूतदार' म्हणतो आणि पुढे जातो. मला या मुलींची काळजी जास्त वाटते, कारण त्या कुणाला मारत नाहीत. तुमच्या मुलामुळे निदान तुम्ही हे पत्र लिहिलंत.

त्याच्यासाठी मारामारीची जी शिक्षा इतरांना असते तीच ठेवा, सूट देऊ नका. फक्त 'फौजीचा मुलगा असून असं करतोस?' हे वाक्य शाळेत कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. वडील शूर आहेत म्हणून त्यानं रडू नये, चिडू नये, घाबरू नये, असं आपण त्याच्यावर लादतो. तो बारा वर्षांचा आहे. आणि ज्यानं 'तुझा बाप येत नाय' म्हटलं, त्याच्याशीही निवांत बोला. त्याला बोचरं वाक्य कुठलं ते बरोबर कळलं होतं. कदाचित त्याच्याही घरी कुणीतरी लांब असेल.

अभ्यासाचं वेगळं बघायला हवं. हा मुलगा कच्चा आहे असं ठरवण्याआधी त्याची मराठीची वही पुन्हा उघडा. 'पाणी'चं 'पानी', 'मुळे'चं 'मुले', क्रियापदं हिंदीच्या वळणावर, असं दिसेल. घरी तो मराठीच बोलत असणार, पण शाळेत हिंदी लिहीत आलाय. त्याला मराठी येत नाही असं नसून मराठी लिहायचा सराव नाही, एवढंच. सीबीएसईतून राज्य मंडळाकडे आल्यावर गणितातले घटकही पुढेमागे होतात. काही त्याला दोनदा शिकायला लागतात, काही कायमचे सुटून जातात. पहिले काही आठवडे त्याला तोंडी उत्तरं देऊ द्या. चांगलं अक्षर आणि शांत स्वभाव असलेल्या मुलाशेजारी बसवा. विज्ञानात आणि इंग्रजीत तो बहुधा वर्गाच्या पुढे असेल; तिथे त्याला फळ्यापाशी बोलवा. वर्गानं नव्या मुलाला आधी कशात हुशार बघितलं, यावर त्याचं पुढचं वर्ष बरंचसं ठरतं.

ज्यांच्या शाळेत असा प्रवेश वर्षाच्या मध्ये येतो, त्यांच्यासाठी: शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 वाचून ठेवा. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश रोखता येत नाही. आधीच्या मुख्याध्यापकानंही दाखला लगेच दिला पाहिजे. लष्करी कुटुंबाची बदली अनेकदा थोड्या दिवसांच्या सूचनेवर होते. आई दोन ट्रंका आणि दोन मुलं घेऊन रेल्वेनं गावी पोहोचते, तेव्हा दाखला तिकडच्या ऑफिसात सहीची वाट बघत असतो. नववीनंतर मात्र बोर्डाच्या नोंदणीमुळे शाळा बदलणं अवघड होत जातं. दहावी-बारावीच्या मुलांसाठी फॅमिली क्वार्टर काही काळ ठेवण्याची मागणी युनिटकडे करता येते, हे आईला सांगा. पुष्कळ जणींना ते माहीत नसतं.

वडिलांच्या सहीचा आग्रह सोडा. आईची, आजोबांची सही पुरेशी आहे. पालक सभेला वडिलांना यायचं असेल तर व्हिडिओ कॉल लावा. रेंज गेली तर गेली. उंचावरच्या चौकीवरून फोन लागतो तो तिथल्या वेळेनं, आपल्या तासिकेच्या वेळेनं नाही. आईनं निरोप दिला तर मुलाला ऑफिसात येऊन पाच मिनिटं बोलू देण्याची सवय शाळेनं ठेवली, तर त्यानं शिस्त बिघडत नाही.

रजेचे दिवस हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बाप घरी आला की मूल चार दिवस शाळेत येत नाही. पालीच्या खंडोबाला जातात, मामाकडे जातात, रानात बांधावर बसतात. आपण गैरहजेरी मांडतो आणि वर बोलतो. त्यापेक्षा आईला आधीच सांगा, की सुट्टीच्या तारखा कळल्या की कळवा, अभ्यास आम्ही लिहून देऊ. आणि बाप परत जातो तो दिवस वहीत टिपून ठेवा. पहाटे स्टेशनवर सोडून आलेलं मूल अकराला तुमच्यासमोर बसतं. त्या दिवशी चाचणी असेल तर नंतर घ्या. बाकी काही करावं लागत नाही.

बोलायचं काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात नेमका विचारला नाहीत, पण तो असणारच. 'काळजी करू नकोस, बाबांना काही होणार नाही,' असं सांगू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे त्याला कळतं. रोज 'बाबांचा फोन आला का?' असंही विचारू नका. ज्या दिवशी आला नसेल त्या दिवशी त्याला ते सांगायला लागतं. एकदाच, एकट्याला गाठून म्हणा, की तुझे बाबा लांब असतात हे मला कळलंय, कधी बोलावंसं वाटलं तर मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात असते. मग खरंच तिथे असा. आठवडे जातील, तो येणार नाही. तरी असा.

मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' झालं तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी होती. रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावणं आलं, लग्नघरातूनसुद्धा माणसं निघून गेली. मुलांनी ते दिवस टीव्हीसमोर काढले. जूनमध्ये शाळा भरल्या, पुस्तकं वाटली, आणि किती शाळांत कुणी विचारलं असेल, की सुट्टीत तुमच्याकडे काय झालं? पुन्हा तशी वेळ आली तर वर्गातल्या गप्पांवर लक्ष ठेवा. कोण जिंकतंय याची चर्चा इतर मुलांसाठी क्रिकेटसारखी रंगते, आणि मागच्या बाकावर एक जण गप्प होतो. भाषेच्या शिक्षकांना एक सुचवते: 'सीमेवरील सैनिकाचे मनोगत' हा निबंध द्यायचा असेल तर सोबत दुसरा विषयही द्या. त्या निबंधाच्या शेवटी सैनिकाला मारायची पद्धत आहे. आपल्या बापाला वहीत मारायची वेळ कुठल्याही मुलावर येऊ नये.

याच कारणासाठी 26 जानेवारीच्या कार्यक्रमाचा पुन्हा विचार करायला सांगा. सत्कार करायचाच असेल तर गावातल्या माजी सैनिकांचा करा, वीरपत्नींचा करा, त्यांना विचारून. मुलांना स्टेजवर उभं करू नका. कुणाचे वडील जखमी होऊन परतलेत, कुणाच्या वडिलांना मेडिकलवर घरी पाठवलंय, कुणाच्या घरी वडील आले की दारू सुरू होते. एका रांगेत उभं करून गुलाब दिलात की या सगळ्यांनी एकाच प्रकारे हसायचं असतं. एखाद्या मुलीला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर जरूर बोलू द्या. आणि नाटुकल्यात जवान तिरंग्यात लपेटून आणायचा असेल, तर त्या प्रेक्षकांत कोण बसणार आहे ते आधी बघा.

देवळाली, खडकी, अहिल्यानगर, कामठी अशा छावणीच्या गावांतल्या शाळांना मी थोडं वेगळं सांगेन. तिथे ही मुलं मोठ्या संख्येनं येतात-जातात. तेव्हा नव्या मुलाला पहिला महिनाभर शाळा दाखवणारा, स्वतः बदली होऊन आलेला सोबती देणं फार उपयोगी पडतं. तुमच्या गावात असा वेगळा गट करायची गरज नाही. तिथे त्याला फौजींची मुलं सापडायची अडचण नाही, कबड्डीच्या संघात जागा मिळायची अडचण आहे.

वाईट बातमीचा विचार कुणालाच करवत नाही, म्हणून तो शांत दिवशी करून ठेवा. मुलाला वर्गातून कोण नेणार, घरी कोण सोडणार, त्या वेळी वर्गातले मोबाइल कुणाकडे राहतील, पत्रकार फाटकाशी आले तर कोण बोलणार, एवढं चार शिक्षकांनी ठरवलेलं असावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर शाळेत लिहिलेला असू द्या. शैक्षणिक सवलती, शिष्यवृत्त्या, सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं यांची माहिती तिथे मिळते. मुलाची अवस्था गंभीर वाटली तर 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. सैन्यदलातल्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 2023 मध्ये सुरू झाला. आईला तो माहीत करून द्या.

वडील पेन्शन घेऊन आले की यादीतून नाव काढू नका. जवान ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. आजवर वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येणारा, खाऊ आणणारा माणूस आता रोज घरात आहे, सकाळी पाचला उठवतो, केस कापायला लावतो. आईनं लावलेली घडी बदलते. पोरगा चौदाचा झालेला असतो. कित्येक घरांत खरी ओढाताण इथे सुरू होते, आणि बाहेरून सगळ्यांना वाटतं की आता काय, बाप आला, सुटले. इंग्लंडातल्या त्या निधीतही पालकानं फौज सोडल्यावर काही वर्षं मुलाची नोंद कायम राहते, ती उगीच नाही.

इतकं सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात त्या मुलाच्या आईला फोन करा. शाळेचा नंबर बघून तिच्या पोटात गोळा येईल, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की तक्रार नाही. मग विचारा, तुम्हाला शाळेत यायला कुठली वेळ सोयीची पडेल. सही न आणल्याबद्दल त्याला वर्गासमोर बोललात, तर आईची सही चालेल हेही वर्गासमोरच सांगा, त्याचं नाव न घेता, सगळ्यांसाठी म्हणून.